दुसऱ्याच्या पगाराचा हिशेब

भाईंदर पश्चिमेला चातुर्मासातील रविवारचे प्रवचन संपले की मंडळी लगेच पांगत नाहीत. चपला शोधता शोधता, उपाश्रयाच्या पायऱ्यांवर, मग रस्त्याच्या कडेला असा अर्धा-पाऊण तास सहज जातो. गेल्या चातुर्मासात एका रविवारी परिग्रह-परिमाण व्रत हा विषय होता. महाराजसाहेबांनी श्रावकाने आपल्या संपत्तीला स्वतःहून मर्यादा कशी घालावी याचे सुंदर विवेचन केले. बाहेर आल्यावर मात्र स्वतःची मर्यादा बाजूला राहिली आणि चर्चा दुसऱ्याच्या परिग्रहावर येऊन ठेपली.

स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार करणारे एक शेठ सांगत होते, "अमक्याचा मुलगा पाहा. तीस वर्षांचाही नाही आणि महिन्याला दोन लाख घेतो. वर घरभाड्याची सूट, गृहकर्जाच्या व्याजाची सूट, विम्याची सूट. आम्ही सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत गादीवर. त्यांना सवलत आणि आम्हाला नोटीस, हा कुठला न्याय?" ज्याच्याविषयी हे चालले होते तो मुलगा दोन पायऱ्या खाली उभा होता. तो नम्रपणे, पण स्पष्ट बोलला, "काका, माझा कर पगार हातात येण्यापूर्वीच कापला जातो. तुमच्या गाडीचे पेट्रोल कोणत्या खात्यात पडते?" मंडळी हसली. शेठ हसले नाहीत. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले, कारण हयातभर मी बँकेत इतरांचे ताळेबंदच वाचत आलो. "साहेब, तुम्हीच सांगा." मी त्या दिवशी काही बोललो नाही. चपला पायात घालत देण्याजोगे ते उत्तर नव्हते.

वाचकहो, हा वाद शेजाऱ्याशी असता तर सोडून दिला असता. पण तो आता आपल्याच घरात आला आहे. ज्या घरांत तीन पिढ्या दुकानावर बसल्या, त्या घरांतील मुले-मुली आज सनदी लेखापाल, डॉक्टर, संगणक अभियंते होऊन सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभी असतात. बाप उलाढालीच्या भाषेत बोलतो आणि मुलगा पॅकेजच्या. स्थळे पाहतानाही 'नोकरी की धंदा' हा प्रश्न पत्रिकेच्या आधी येतो. अशा वेळी गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यांवर सवलती लाटण्याचा ठपका ठेवायचा की नाही, हे आकड्यांनिशी पाहिले पाहिजे.

प्रथम 'वजावट' या शब्दाचाच विचार करू. पुढील कलमे १९६१ च्या आयकर कायद्याच्या क्रमांकांनी दिली आहेत, कारण तेच आपल्या तोंडी बसले आहेत. २०२५ च्या नव्या कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्यात क्रमांक बदलले आहेत. व्यापाऱ्याचे उत्पन्न म्हणजे विक्री नव्हे, तर खर्च वजा जाता उरलेला नफा. दुकानाचे भाडे, नोकरांचा पगार, वीज, फोन, टेम्पो, कर्जाचे व्याज, धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा घसारा हे सर्व आधी वजा होते आणि मग जे उरते त्याला कायदा 'उत्पन्न' म्हणतो. ते योग्यच आहे. नोकरदाराचे मात्र जवळजवळ सगळे वेतन हेच उत्पन्न. त्याचा रेल्वेचा पास, घरी घेतलेला संगणक, कामाचे कपडे, नवे तंत्रज्ञान शिकण्यासाठी भरलेली फी यांतील काहीही त्याला खर्च म्हणून दाखविता येत नाही. या सगळ्याच्या बदल्यात त्याला एक ठोकळ रक्कम मिळते, तिला प्रमाणित वजावट म्हणतात. २००५ च्या अर्थसंकल्पाने ती काढून टाकली होती. २०१८ साली ती ४०,००० रुपयांच्या रूपाने परत आली, तीही प्रवासभत्त्याची आणि वैद्यकीय खर्चाच्या परताव्याची करसूट काढून घेऊन. आज जुन्या करपद्धतीत ती ५०,००० आणि नव्या पद्धतीत ७५,००० रुपये आहे.

म्हणजे व्यापाऱ्याची वजावट उत्पन्न ठरण्यापूर्वी होते आणि नोकरदाराची उत्पन्न ठरल्यानंतर. पहिली हिशेबाच्या वह्यांत राहते, दुसरी विवरणपत्रात स्वतंत्र ओळीत छापली जाते. जी छापली जाते ती लोकांच्या डोळ्यांत भरते. शेठजींच्या तक्रारीचे मूळ बहुधा इतकेच आहे.

राहिल्या ८०क, घरभाडे आणि गृहकर्ज या प्रसिद्ध सवलती. ८०क खालील दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून तशीच आहे. अकरा वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, मर्यादा जागची हलली नाही. शिवाय ही सवलत व्यापाऱ्यालाही आहे. आयुर्विमा आणि भविष्यनिधी काही केवळ नोकरदारासाठी नाहीत. आणि नव्या करपद्धतीत ८०क, घरभाडे, राहत्या घराच्या कर्जाचे व्याज यांपैकी काहीच मिळत नाही. त्या मुलाला मी नंतर विचारले, तेव्हा तो नव्या पद्धतीतच कर भरतो असे कळले. ज्या सवलतींबद्दल शेठ त्याला बोल लावीत होते, त्या तो घेतच नव्हता.

आता त्याचाच हिशेब मांडू. वर्षाचे वेतन २४ लाख. त्यातून ७५,००० वजा जाता २३ लाख २५ हजार. वित्तवर्ष २०२५-२६ च्या दरांनी पहिल्या चार लाखांवर शून्य, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, मग १०, १५, २० आणि उरलेल्या सव्वातीन लाखांवर २५ टक्के. एकूण कर २,८१,२५० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून २,९२,५०० रुपये. ही रक्कम दरमहा हप्त्याहप्त्याने टीडीएसमधून सरकारजमा होते. ती त्याच्या हातात पडतच नाही, त्यामुळे ती लपविण्याचा मोहही त्याला होत नाही. हे त्याचे पुण्य म्हणायचे की नाइलाज, हे मी वाचकांवर सोपवितो.

त्याच इमारतीत स्वतःचा दवाखाना चालविणारा एखादा डॉक्टर घ्या. त्याची वर्षाची जमाही २४ लाख. कलम ४४एडीए प्रमाणे व्यावसायिकाने जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविली तर त्याला वह्या दाखवाव्या लागत नाहीत. निम्मे म्हणजे १२ लाख, आणि नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य. तिसरा आपला व्यापारी. कलम ४४एडी प्रमाणे दोन कोटींची विक्री, सर्व रक्कम बँकेमार्फत आलेली, तर ६ टक्के नफा गृहीत धरला जातो. म्हणजे पुन्हा १२ लाख, आणि पुन्हा कर शून्य. डॉक्टरचा खर्च खरोखरच निम्मा असेल, व्यापाऱ्याचा नफा खरोखरच सहा टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर यात काहीच वावगे नाही. भांड्यांच्या घाऊक धंद्यात चार टक्क्यांवर समाधान मानणारे लोक मी पाहिले आहेत. पण ज्याचा खर्च जमेच्या चौथाईवरच थांबतो त्याचे काय? कायद्याने ठरविलेला आकडा किमान आहे. त्याहून अधिक मिळाले असेल तर अधिक दाखविण्याची वाट त्याच कलमात मोकळी ठेवली आहे. त्या वाटेने जाणारी माणसे मला माझ्या नोकरीत क्वचितच भेटली.

आपल्या कुटुंबांना आणखी एक सोय आहे, तिचा उल्लेख आपण सहसा करीत नाही. जैनांना हिंदू कायदा लागू असल्याने एचयूएफ म्हणजे अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानला जातो. त्याचे पॅन कार्ड वेगळे आणि करमुक्त मर्यादाही वेगळी. दुकान, भागीदारी आणि एचयूएफ असे उत्पन्न तीन ठिकाणी कायदेशीरपणे विभागता येते. पगार मात्र एचयूएफमध्ये टाकता येत नाही, तो कमावणाऱ्याच्याच नावे राहतो. जीएसटीचेही तसेच. व्यापारी तो भरतो, पण खरेदीवरील कराची वजावट घेऊन, आणि अखेरीस तो ग्राहकाकडून वसूल करतो. नोकरदार हाच त्या साखळीतील शेवटचा ग्राहक. आयकर भरून उरलेल्या पैशातून तो जीएसटी भरतो आणि त्याला कुठलीही वजावट नाही.

हे मी मनचे सांगत नाही. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अरुण जेटली यांनी २०१६-१७ या करनिर्धारण वर्षाचे आकडे दिले होते. विवरणपत्र भरणाऱ्या १ कोटी ८९ लाख पगारदारांनी १.४४ लाख कोटी रुपये कर भरला, म्हणजे माणशी सरासरी ७६,३०६ रुपये. व्यापारी आणि स्वतंत्र व्यावसायिक मिळून १ कोटी ८८ लाख होते. त्यांचा कर ४८,००० कोटी, सरासरी २५,७५३ रुपये. संख्या जवळजवळ सारखी आणि कर एकतृतीयांश. यावरून सर्व व्यापारी कर चुकवितात असा निष्कर्ष कोणी काढला तर मी तो मान्य करणार नाही. त्या १ कोटी ८८ लाखांत कोपऱ्यावरचा किराणावालाही आहे आणि पहिल्याच वर्षी तोटा सोसणारा नवा दुकानदारही. पगारदाराला बाजार पडल्याचा फटका पहिल्या दिवशी बसत नाही. व्यापाऱ्याला उधारी बुडाली की त्याच रात्री झोप लागत नाही. तरीही एवढे अंतर केवळ जोखमीने पडते, असे चाळीस वर्षे ताळेबंद वाचून मला म्हणवत नाही.

बरे, सवलतींचा प्रश्न सोडून दिला, तरी मुळात इतके कमावणेच गैर आहे का? आपल्या धर्मात याचे उत्तर फार जुने आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला गुण न्यायसंपन्न विभव. वैभव नाकारलेले नाही. ते कोणत्या वाटेने आले एवढेच विचारले आहे. बाराव्या शतकात गुजरातच्या राजसभेत वावरलेल्या आचार्यांना पैशाची ताकद ठाऊक होती. त्यांच्या प्रभावाने कुमारपाळ राजाने निपुत्रिक मृताची संपत्ती राजकोशात जमा करण्याची प्रथा बंद केली, असे आपली परंपरा सांगते. विधवेच्या घरातून येणारे ते उत्पन्न राजाने सोडून दिले. राज्यालाही घेण्याची मर्यादा असते, हे त्या काळी कळत होते.

आपल्या देशात ती मर्यादा एके काळी सुटली होती, हेही सांगितले पाहिजे. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांतून कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरत. वांछू समितीने हा दर कमी करण्याची शिफारस केली होती, आणि १९७४ च्या अर्थसंकल्पात आपल्या यशवंतराव चव्हाणांनी तो ७७ टक्क्यांवर आणला. नानी पालखीवाला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर अर्थसंकल्पावर बोलत तेव्हा हजारो लोक जमत, त्याचे एक कारण हे दर होते. कच्चे बिल आणि पक्के बिल हा भेद आपल्या बाजारात ज्या काळात रुजला, त्या काळचा अन्याय नाकारता येत नाही. पण १९९७ पासून सर्वोच्च मूळ दर ३० टक्के आहे. कारण गेले त्याला आता जवळजवळ तीस वर्षे होतील. सवय गेलेली नाही.

तेव्हा मोठा पगार घेणारा आणि खरी वजावट मागणारा माणूस टीकेस पात्र नाही, असे माझे मत आहे. एका ठिकाणी मात्र त्याच्याकडून, आणि आपल्याकडूनही, फारच थोडे घेतले जाते. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही.

तो म्हणजे व्यवसाय कर. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी एक बारीकशी ओळ असते, तिकडे कोणी पाहत नाही. तिचा इतिहास मोठा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी खेड्यातील धडधाकट माणसाला मागेल तेव्हा काम देण्याची कल्पना मांडली. तिचा पहिला प्रयोग १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला. पुढे १९७२ चा भीषण दुष्काळ आला आणि रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर उभी राहिली. पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, रस्ते यांवर लाखो हात राबले. त्यांना मजुरी द्यायला पैसा कुठून आणायचा? १९७५ साली विधिमंडळाने व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा कायदा केला तो याचसाठी. शहरातला डॉक्टर, वकील, बँक कर्मचारी आणि दुकानदार यांनी थोडे थोडे द्यायचे, सरकारने त्यात तितकीच भर घालायची, आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती आठवड्याची मजुरी पडायची. देशाने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे उदाहरण महाराष्ट्राचेच होते. चांगली कमाई करणाऱ्या शहरी माणसाने दुष्काळी खेड्याचे देणे मानावे, हा विचार कायद्यात उतरविणाऱ्या आपल्या राज्याचा मला अभिमान वाटतो.

पण या कराला राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने कमाल मर्यादा घातली आहे. मूळ घटनेत ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्या काळी नव्या बँक अधिकाऱ्याचा महिन्याचा मूळ पगार याच्याच आसपास असे, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याच्या मूळ पगाराएवढा हा कर घेण्याची मुभा घटनेने दिली होती. आज ती रक्कम एका कुटुंबाच्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलाइतकी उरली आहे. आणि तिची आकारणी पाहा. महिन्याला दहा हजारांहून अधिक मिळविणारा पुरुष वर्षाला २,५०० रुपये देतो. महिलांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे. म्हणजे शेठजींच्या गोदामात भांड्यांची खोकी उचलणारा पंधरा हजारांचा नोकर, दोन लाख मिळविणारा तो मुलगा आणि महिन्याला वीस लाख घेणारा कंपनीचा संचालक, तिघांचा व्यवसाय कर सारखाच. शेठजींचाही तेवढाच. पायरीवर भांडणाऱ्या दोघांनाही ही सवलत मिळत होती आणि दोघांनाही तिची जाणीव नव्हती. जिची किंमत तो गोदामातला माणूस मोजतो, तिच्यावर टीका करायला मी तयार आहे.

टीकेचा दुसरा विषय खोटे कागद. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर खोट्या वजावटी मिळवून देणाऱ्या दलालांवर कारवाई केली. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने तेव्हा जाहीर केले. आईच्या नावे न दिलेले भाडे, न काढलेला विमा, नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला दिलेली देणगी. यांत सुशिक्षित पगारदार होते, आणि त्यांच्याबाबत शेठजींचा संताप योग्यच म्हणावा लागेल. मात्र अशा व्यवहारात धनादेश घेऊन टक्का कापून रोख परत करणारी एक बाजूही लागते. ती रोख रक्कम कोणत्या बाजारातून येते, हे बाजारात बसणाऱ्यांना मी सांगण्याची गरज नाही.

देणगीवरून आठवले. मार्च महिन्यात ट्रस्टच्या कार्यालयात ८०जी च्या पावतीसाठी जी गर्दी होते, तिच्यात धनिक व्यापारीच पुढे असतात. ८०जी हीसुद्धा वजावटच आहे. दोन हजारांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही. ट्रस्टने उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम धार्मिक कार्यावर खर्च केली तर सामान्यतः मिळत नाही. म्हणून देरासरातील बोली बहुधा या सवलतीत बसत नाही, ती कर भरून उरलेल्या पैशातून द्यायची असते. तशी ती दिली जाते का, हे ज्याचे त्याने जाणावे. नव्या करपद्धतीत ८०जी चाही लाभ नाही, तरी देणगी देणारे तरुण मला ठाऊक आहेत. त्यांना पावती मागण्याचेही भान नसते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे अतिचार सांगितले आहेत. खोटी वजने-मापे, भेसळ, चोरीचा माल घेणे यांच्याच पंक्तीत 'विरुद्धराज्यातिक्रम' बसविला आहे. त्याचा मूळ संबंध राज्याचे निर्बंध ओलांडून केलेल्या व्यापाराशी. पुढे विवेचकांनी त्यात जकात आणि कर चुकविणेही आणले. हा अतिचार चोरीच्या व्रतात घातला आहे, परिग्रहाच्या नव्हे, हे मला महत्त्वाचे वाटते. किती मिळविले हा एक प्रश्न आणि कसे राखले हा दुसरा. त्या रविवारी आपण पहिल्याच प्रश्नावर अडलो होतो.

धर्म बाजूला ठेवून निव्वळ व्यवहार पाहायचा तरी कमी दाखविण्याचा सौदा महागात पडतो. गृहकर्जासाठी येणाऱ्या व्यापाऱ्याची तीन वर्षांची विवरणपत्रे मी हजारदा उलटली असतील. उत्पन्न पाच लाख, मागणी साठ लाखांची. वीस वर्षांच्या मुदतीने, साडेआठ टक्क्यांनी हप्ता महिना ५२ हजारांच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाख. "साहेब, खरे उत्पन्न तुम्हाला माहीत आहे," असे तो म्हणे. मला माहीत असे. पण बँकेला मी सही करून काय कळवू?

त्याहून जड आठवण एका खातेदाराची आहे. बेचाळीसाव्या वर्षी महामार्गावर अपघातात गेले. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. घरखर्च पाहता उत्पन्न बारा लाखांचे होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. विवरणपत्रात चार लाख होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण विवरणपत्रालाच मुख्य आधार मानते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाईचे गणित ठरवून दिले आहे, ते या घराला लावून पाहा. चार लाखांत भावी वाढीचे २५ टक्के मिळवून पाच लाख, मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करून पावणेचार लाख, वयाप्रमाणे गुणक १४. साडेबावन्न लाख. बारा लाख दाखविले असते तर हेच गणित, आयकर वजा होण्यापूर्वी, १ कोटी ५७ लाखांवर गेले असते. त्यांनी वर्षाला किती कर वाचविला होता, ते मी त्या बाईंना कधी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. मुलांच्या शाळेची फी भरण्यासाठी ठेव मोडायला त्या येत तेव्हा मी पावतीवर मुकाट्याने सही करीत असे.

हे सारे मी कागदावर मांडून त्या शेठजींना दिले. पुढच्या रविवारी प्रवचनानंतर ते फाइल घेऊन माझ्या घरी आले. धाकट्या मुलासाठी मिरा रोडला घर घ्यायचे आहे, कर्ज किती मिळेल ते पाहा, म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी त्या मुलाच्या कराचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"दोन लाख ब्याण्णव हजार? वर्षाला?"

"वर्षाला. एका पैशाचीही उधारी नाही."

मग त्यांनी स्वतःचा नफा-तोटा पत्रक पुढे ओढला आणि वाहन खर्चाच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्यात सूनबाईंची गाडीही होती, हे मला माहीत नव्हते, त्यांनीच सांगितले. खिशातून फोन काढून त्यांनी मुनीमजींना लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातेवही घेऊन लवकर यायला सांगितले.